टंचाईच्या देशात पाण्याचा कारभार कसा बसवावा

कमी पावसाच्या देशात पाण्याचा प्रश्न चिघळला की पहिली मागणी धरणाची होते, दुसरी लांबच्या नदीतून कालवा आणण्याची आणि तिसरी समुद्राचे पाणी गोडे करण्याची. तिन्ही कामांना कोनशिला बसवता येते. हिशेबाच्या वहीला कोनशिला नसते, म्हणून ती कायम मागे पडते. इथे दिलेला क्रम नेमका उलटा आहे. आधी मोजणी, मग उपशाला मर्यादा, मग वाटप, त्यानंतर गळती आणि सांडपाणी. नवे पाणी सर्वांत शेवटी.

टंचाई किती आहे हे ढोबळमानाने सांगायला स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांची पट्टी वापरतात. माणशी वर्षाला १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे ताण, १,००० पेक्षा कमी म्हणजे टंचाई, ५०० पेक्षा कमी म्हणजे तीव्र टंचाई. जॉर्डन तर १०० च्याही खाली आहे. ही पट्टी भाषणापुरती ठीक. पाणी कुठे, कधी आणि कशात जाते यातले ती काहीच सांगत नाही, त्यामुळे कारभाराला तिचा उपयोग नाही.

उपसा वेगळा, खप वेगळा

बहुतेक देशांच्या हिशेबात पहिली चूक इथेच होते. नदीतून किंवा विहिरीतून काढले ते सगळे ‘वापरले’ असे धरतात. प्रत्यक्षात काढलेल्या पाण्यापैकी काही वाफ होऊन जाते, तर काही पाझरून, निचऱ्यातून किंवा गटारातून परत नदीत नाहीतर भूजलात येते आणि खालचा कोणीतरी तेच पुन्हा उपसतो. वाफ झालेले पाणी खपले. समुद्रात किंवा खाऱ्या जलधरात, म्हणजे पाणी धरणाऱ्या जमिनीखालच्या थरात, गेलेलेही हातचे गेले. बाकीचे फिरते आहे.

आकड्यांत पाहू. एक काल्पनिक खोरे घ्या. क्षेत्र १०,००० चौरस किमी, पाऊस ३०० मिमी. एक चौरस किमीवर एक मिमी पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, म्हणून एकूण पाऊस ३,००० दशलक्ष घनमीटर (पुढे दलघमी). त्यातला २,६०० जंगल, माळरान आणि कोरडवाहू शेतीतून परत हवेत जातो. नदी आणि भूजल मिळून हाती येते ४०० दलघमी.

उपसा असा: शेती ३६०, शहरे ६०, उद्योग १०. बेरीज ४३०. म्हणजे हाती आलेल्या पाण्यापेक्षा उपसा जास्त, आणि तरीही नदी समुद्राला मिळते आहे. हे कोडे खपाचा रकाना भरल्यावर सुटते. शेतीच्या ३६० पैकी पिकातून गेले २३०, ओल्या जमिनीवरून आणि कालव्यावरून नुसतेच उडाले ३०, परत आले १००. शहरांत खरा खप १२, उद्योगात ५, जलाशयांवरून बाष्पीभवन ४०. एकूण खप ३१७. नदीच्या मुखाशी मोजलेला प्रवाह ११०. दोन्ही मिळून ४२७, आणि आवक तर ४००. वरचे २७ आले कुठून? भूजलाच्या साठ्यातून. खोऱ्यातला वापरातला जलधर १,५०० चौरस किमीचा असेल आणि त्या खडकातून आकारमानाच्या ५ टक्केच पाणी निथळत असेल, तर पातळी वर्षाला ३६ सेंटीमीटर खाली जाते. निरीक्षण विहिरींची सरासरी घट एवढीच निघाली तर तुमचा ताळेबंद जुळला. एक मीटर निघाली तर कुठेतरी नोंद नसलेला उपसा आहे.

ताळेबंद असा एका खोऱ्याचा, एका जलवर्षाचा मांडावा. जलवर्ष कोरड्या हंगामाच्या शेवटी सुरू करावे, कारण तेव्हा मातीतली ओल आणि जलाशय दोन्ही तळाला असतात आणि साठ्यातला फरक काढताना चूक कमी होते. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब सोयीचा वाटतो, पण पाऊस वर्षअखेरीला पडणाऱ्या प्रदेशात तो दरवर्षी फसतो.

भूजल आणि भूपृष्ठजल यांचे हिशेब दोन खात्यांकडे असतील तर आणखी एक घोळ होतो. कोरड्या दिवसांत नदीत वाहणारे पाणी बहुतांशी भूजलच असते. दोन्ही खाती ते आपापल्या रकान्यात जमा धरतात आणि देशाचे पाणी कागदावर वाढते.

मोजणी: कुठे, कशी, काय बिघडते

*नदी.* प्रवाहमापन केंद्रावर रोज पाणीपातळी वाचतात आणि पातळी-विसर्ग वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहते हे दाखवणाऱ्या आलेखावरून, प्रवाह काढतात. वक्र तयार करायला पात्राची रुंदी किमान २० भागांत वाटावी. प्रत्येक उभ्या रेषेवर, खोली पाऊण मीटरपेक्षा कमी असेल तर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर आणि जास्त असेल तर ०.२ व ०.८ खोलीवर वेग मोजून सरासरी घ्यावी. एका भागातून एकूण प्रवाहाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी जात असेल तर तिथले भाग बारीक करावेत. पूर आला की पात्र बदलते आणि जुना वक्र खोटा होतो. पुरानंतर पुन्हा मोजणी न करणारे केंद्र हे केंद्र नव्हे, नुसती फूटपट्टी आहे.

टंचाईच्या देशात वर्षाचे आठ-दहा महिने प्रवाह लहान असतो आणि भांडणे त्याच दिवसांत होतात. म्हणून लहान प्रवाहाला व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच असलेली आडभिंत, बसवावी. ९० अंशाच्या नॉचसाठी विसर्ग, घनमीटर प्रतिसेकंदात, १.३८ गुणिले उंचीचा २.५ वा घात. उंची खाचेच्या तळापासून पाण्याची, मीटरमध्ये. १० सेंटीमीटरला सुमारे ४.४ लिटर प्रतिसेकंद, २० सेंटीमीटरला २४.७. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो, म्हणून वाचनातला एक सेंटीमीटरचा फरकही महाग पडतो. सर्रास होणारी चूक म्हणजे पट्टी थेट खाचेवर लावणे. तिथे पाणी आधीच वाकून खाली आलेले असते आणि प्रवाह कमी दिसतो. पट्टी उंचीच्या तीन-चार पट मागे, वरच्या अंगाला हवी. मागे साचलेला गाळ दर हंगामात काढावा, नाहीतर पाणी वेगाने येते आणि सूत्र लागू पडत नाही.

*निरीक्षण विहीर.* वर्षातून किमान दोनदा, ठरलेल्या आठवड्यात, केसिंगवर (विहिरीत बसवलेल्या संरक्षक पाइपावर) रंगवलेल्या त्याच खुणेपासून मोजावे. शेजारचे पंप काही तास आधी बंद हवेत, नाहीतर विहिरीची नव्हे, पंपाने पाडलेल्या खड्ड्याची खोली मिळते. केसिंगची दुरुस्ती झाली की खूण २०-३० सेंटीमीटरने सरकते आणि पुढची सगळी मालिका बिघडते. दुरुस्तीच्या दिवशी जुनी आणि नवी खूण यांतला फरक वहीत लिहावा. घरबसल्या भरलेले आकडे ओळखायचा सोपा उपाय आहे. नोंदींचा शेवटचा अंक पाहा. ० आणि ५ च अर्ध्याहून जास्त वेळा येत असतील तर टेप विहिरीत गेलेलीच नाही.

*उपसा.* इस्राएलने पाणी मोजण्याचा कायदा १९५५ मध्ये केला आणि सगळे पाणी सार्वजनिक ठरवणारा कायदा १९५९ मध्ये. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: मीटर आधी, मालकी नंतर. विहिरीवरच्या मीटरला आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप लागतो. वळणाला लागून बसवलेला मीटर काहीही दाखवतो. वाळू ओढणाऱ्या विहिरीत पंख्याचे यांत्रिक मीटर वर्षभरात झिजतात आणि कमी मोजू लागतात, तिथे विद्युतचुंबकीय मीटर घ्यावा. मीटरच्या आधी टी जोडून काढलेली बगलवाट ही जगभरची युक्ती आहे. पंपाच्या तोंडापासून मीटरपर्यंतचा पाइप उघडा आणि एकसंध ठेवायला लावणे, एवढाच तिच्यावर उपाय.

सगळ्या विहिरींवर मीटर बसेपर्यंत वीजवापरावरून अंदाज काढता येतो. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला तत्त्वतः ०.००२७ युनिट लागते. एकूण उचल ६० मीटर आणि पंपसंचाची कार्यक्षमता ५० टक्के असेल तर घनमीटरमागे ०.३३ युनिट, म्हणजे एका युनिटला जेमतेम ३ घनमीटर. हे गुणोत्तर दरवर्षी काही नमुना विहिरींवर तपासावे लागते. पातळी खाली गेली की तेच युनिट कमी पाणी काढते आणि जुन्या गुणोत्तराने उपसा फुगून दिसतो. डिझेल आणि सौर पंप या हिशेबात येत नाहीत.

*शेतातला खप.* उपग्रहाच्या प्रतिमांवरून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पिकातून आणि मातीतून वाफ होऊन जाणारे पाणी, काढण्याच्या पद्धती आता रुळल्या आहेत. एकेका शेतापुरता त्यांचा आकडा दंड करण्याइतका भरवशाचा नसतो, पण खोऱ्याच्या पूर्ण हंगामाच्या बेरजेला तो चांगला चालतो. परवान्यांची बेरीज १५० आणि उपग्रह म्हणतो २४०, तर निरीक्षक कोणत्या तालुक्यात पाठवायचे ते कळते. मुख्य म्हणजे उपग्रहाला कोणी चहा पाजू शकत नाही.

मोजणारी यंत्रणा आणि बांधणारे खाते वेगळे असावे. ज्याला धरण बांधायचे आहे त्याच्याच हाती नदीचा विसर्ग मोजणे असेल तर विसर्ग धरणाला पुरेल एवढा निघतोच.

मर्यादा आणि वाटप

ताळेबंदात निदान तीन वर्षे पुरी झाली की खोऱ्याची मर्यादा ठरवावी. त्याआधी दोन राखीव हिस्से बाजूला काढायचे: माणसांच्या मूलभूत गरजेचा आणि नदी जिवंत राहायला लागणारा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जलकायद्यात हे दोन्ही ‘राखीव’ म्हणून नोंदले आहेत आणि बाकी सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. उरलेले पाणीच वाटता येते.

हक्क घनमीटरमध्ये देऊ नका, हिश्शात द्या. ‘दरवर्षी ५,००० घनमीटर’ असा परवाना कोरड्या वर्षीही तेवढेच मागतो आणि न्यायालयात जिंकतो. ‘उपलब्ध पाण्याच्या लाखातला अमुक हिस्सा’ असा परवाना असेल तर हंगामाच्या सुरुवातीला यंत्रणा जाहीर करते, यंदा ६० टक्के. जलाशय भरला तर हंगामात आकडा वाढवता येतो. कमी करता येत नाही, कारण तोवर पेरणी झालेली असते. म्हणून पहिली घोषणा नेहमी हात राखून करावी.

ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ मध्ये उपशावर मर्यादा आली, १९९३-९४ च्या विकासाची पातळी धरून. त्यातून शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला: भूजल मर्यादेबाहेर राहिले, तेव्हा लोक नदीवरून विहिरीवर सरकले. दुसरा: हक्कांची खरेदी-विक्री सुरू होताच वर्षानुवर्षे पडून असलेले परवाने जागे झाले. ज्याने कधी थेंब उपसला नव्हता त्याने आपला हिस्सा विकला आणि विकत घेणाऱ्याने तो वापरला. व्यापार खुला करण्याआधी झोपलेले परवाने रद्द करावेत किंवा कापावेत. नंतर ते पैसे मोजून परत घ्यावे लागतात. तिथल्या सरकारला ते घ्यावे लागले.

भूजलाला मुदत लांब पण ठाम हवी. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या भूजल कायद्याने स्थानिक यंत्रणांना आराखडा लागू झाल्यापासून २० वर्षे दिली. एका वर्षात उपसा निम्मा करा म्हटले की आदेश कागदावर राहतो. नव्या विहिरी रोखायच्या तर विहिरींमागे धावू नये, बोअर मारणाऱ्या यंत्रांमागे धावावे. विहिरी लाखांत असतात, यंत्रे काही शेकडा. प्रत्येक यंत्राला नोंदणी आणि ठावठिकाणा सांगणारे उपकरण सक्तीचे करा, परवाना क्रमांक नसलेल्या ठिकाणी यंत्र रात्रभर उभे दिसले तर यंत्र जप्त.

सौर पंपांबद्दल सावध. पंप एकदा बसला की पुढचा घनमीटर फुकट असतो, आणि फुकटचे कोणी मोजून घेत नाही. वीजजाळ्याला जोडून शेतकऱ्याची उरलेली वीज रास्त दराने विकत घेतली तरच पंप बंद ठेवण्यात त्याचा फायदा दिसतो.

ठिबकने पाणी वाचते का?

शेतात वाचते. खोऱ्यात वाचेलच असे नाही. वरच्याच खोऱ्यात अनुदान देऊन ठिबक बसवले असे धरा. शेतीचा उपसा ३६० वरून ३०० वर आला आणि मंत्र्यांनी ६० दलघमी वाचल्याचे जाहीर केले. शेतकऱ्याने मात्र हाती राहिलेल्या पाण्यावर जादा क्षेत्र भिजवले, पिकाला ताण पडेनासा झाला, आणि पिकातून जाणारे पाणी २३० वरून २६० झाले. नुसते उडणारे ३० वरून १० वर आले, परतीचे १०० वरून ३० वर. शेतीचा खप २६० वरून २७० झाला. खालच्या गावाला ७० परतीचे येत होते ते थांबले. नदीत ६० जास्त राहिले, ७० कमी परत आले, खोरे १० ने तुटीत गेले.

यात शेतकऱ्याचा दोष काही नाही. उत्पन्न वाढले, खत आणि मजुरी वाचली, ठिबक त्याच्यासाठी उत्तमच. दोष योजनेचा आहे. अनुदानाच्या करारातच अट घाला: ठिबक बसले की उपशाचा हिस्सा कमी होणार आणि भिजवलेले क्षेत्र वाढणार नाही. आधी हिस्सा कापा, मग पाइप द्या. परतीचे पाणी खाऱ्या जलधरात किंवा थेट समुद्रात जात असेल, तिथे मात्र ठिबकने वाचलेला प्रत्येक थेंब खरा वाचतो. योजना तिथून सुरू करावी.

शहरातली गळती

शहराला दिलेल्या पाण्यातून बिल झालेले पाणी वजा केले की बिनमहसुली पाणी उरते. ते लगेच दोन भागांत फोडा: पाइपांतून गळालेले, आणि पोहोचले पण मोजले किंवा वसूल झाले नाही असे. उपाय वेगळे आहेत. पहिल्याला फावडे लागते, दुसऱ्याला मीटर आणि कधी पोलीस.

शहर ५०० ते ३,००० जोडण्यांच्या मोजणी विभागांत वाटा. प्रत्येक विभागाला शक्यतो एकच आवक आणि तिच्यावर मीटर. सीमेवरचे व्हॉल्व्ह खरोखर बंद आहेत का हे तपासायला रात्री विभागाची आवक तोडा. दाब शून्यावर आला नाही तर कुठून तरी पाणी शिरते आहे. ही चाचणी टाळून केलेले सगळे आकडे पुढे रद्द करावे लागतात.

मग रात्री २ ते ४ या वेळेतला किमान प्रवाह घ्या. समजा ३,००० जोडण्यांच्या विभागात तो ताशी ३६ घनमीटर आहे. झोपलेल्या वस्तीचा खरा वापर जोडणीमागे ताशी २ लिटर धरला तर ६. रुग्णालय, बेकरी, रात्रपाळीचा कारखाना असेल तर तो वेगळा मोजून वजा करा. उरले ३०, ती गळती. याला २४ ने गुणू नका. दिवसा मागणीमुळे दाब उतरतो आणि गळतीही उतरते, म्हणून साधारण २० ने गुणायचे: दिवसाला ६०० घनमीटर. माणशी १०० लिटर धरले तर ६,००० माणसांचे पाणी.

यातली टाळता न येणारी गळती किती? त्याचे सूत्र आहे: (१८ गुणिले मुख्य वाहिन्यांची लांबी किमीमध्ये, अधिक ०.८ गुणिले जोडण्या) गुणिले सरासरी दाब मीटरमध्ये. उत्तर दिवसाला लिटर. मीटर घराच्या हद्दीवर असतील तर एवढे पुरते. हद्दीच्या आत असतील तर मधल्या पाइपांच्या किमीला २५ ने गुणून कंसात मिळवा. ४० किमी वाहिन्या, ३,००० जोडण्या, ४० मीटर दाब म्हणजे सुमारे १२५ घनमीटर. प्रत्यक्ष ६००, म्हणजे पावणेपाच पट. इथे खोदकाम नक्की परवडते. दीड-दोन पटीवर आलेल्या विभागात पथक घालवू नका, पुढच्या विभागात पाठवा.

सगळ्यात स्वस्त उपाय दाब कमी करणे. ५ मिलिमीटरचे भोक ५० मीटर दाबाला दिवसाला ३२ घनमीटर सोडते, ३० मीटरला २५. प्लास्टिकच्या पाइपांत आणि सांध्यांत भोक दाबाबरोबर मोठेही होते, त्यामुळे मिश्र जाळ्यात दाब जेवढे टक्के कमी तेवढे टक्के गळती कमी असे धरायला हरकत नाही. रात्री मागणी नसताना दाब आपोआप उतरवणारा व्हॉल्व्ह लावा.

रस्त्यावर कारंजे उडवणारी फूट सगळ्यांना दिसते, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. ताशी २० घनमीटरची फूट एका दिवसात ४८० घनमीटर घालवते. घराच्या जोडणीवरची ताशी एक घनमीटरची गळती सहा महिने कोणाला कळत नाही आणि ४,३२० घालवते. पथकाच्या कामगिरीचा आकडा म्हणून ‘किती फुटी दुरुस्त केल्या’ घेऊ नका, ‘गळती सुरू झाल्यापासून किती दिवसांत बंद झाली’ हा घ्या.

पाणी दिवसातून दोन-तीन तासच सुटत असेल तर वरचा रात्रीचा हिशेब चालत नाही. लोकांच्या टाक्या भरत असतात आणि प्रवाह किमान होतच नाही. शिवाय पाणी येण्याआधी पाइपातली हवा मीटर फिरवते, आणि दाब शून्य असताना गटाराचे पाणी सांध्यातून आत ओढले जाते. अशा शहरात एकच विभाग निवडून तिथे चोवीस तास पाणी द्या, गळती आटोक्यात आणा, तिथे वाचलेल्या पाण्यावर दुसरा विभाग चालू करा. सगळे शहर एकदम करायला गेलात तर पाणी पुरत नाही आणि योजना आठवड्यात गुंडाळावी लागते.

घरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर टाकी भरत आली की पाणी धारेने नव्हे, ठिपकत येते. मीटर तेवढ्याने फिरत नाही. मीटर निवडताना त्याचा किमान प्रवाह बघा, कमाल नव्हे.

कंबोडियातल्या नॉम पेनमध्ये १९९३ साली ७२ टक्के पाणी बिनमहसुली होते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांच्या कारकिर्दीत ते ६ टक्क्यांच्या आसपास आले. प्रत्येक जोडणीला मीटर, संगणकावर बिले, गळती पथके चोवीस तास, चांगल्या कामाला बोनस, आणि बिल न भरणारा कितीही मोठा असो, जोडणी बंद. यातले शेवटचे कलम सगळ्यात अवघड, आणि ते वगळून बाकीची चार करणाऱ्या शहरांना तो आकडा गाठता येत नाही.

सांडपाणी

घरात दिलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात येते. पण नवे पाणी म्हणून ते मोजण्याआधी विचारा: आत्ता ते कुठे जाते? किनाऱ्यावरच्या शहराचे सांडपाणी समुद्रात जात असेल तर त्याचा पुनर्वापर ही शंभर टक्के कमाई. आतल्या शहराचे नदीत जाऊन खालच्या गावाने उपसले असेल, तर शुद्धीकरणाने दर्जा सुधारेल, प्रमाण वाढणार नाही.

आकारमान काढताना साठवण विसरतात. एक लाख वस्ती, माणशी १०० लिटर, म्हणजे दिवसाला ८,००० घनमीटर सांडपाणी, वर्षाला २९ लाख. पिकाला हंगामाला ६०० मिमी लागते आणि वाटेत पाचवा हिस्सा जातो असे धरले तर हेक्टरी ७,५०० घनमीटर, म्हणजे ३९० हेक्टरांच्या आसपास भिजायला हवेत. पण पाणी रोज सारखे येते, पिकाची भूक ऐन उन्हात दिवसाला ६ मिमी असते. साठवण नसेल तर त्या दिवसांत १०७ हेक्टरच भागतात आणि थंडीत पाणी वाहून जाते. तलाव बांधला तर त्यावरचे बाष्पीभवन धरा. कोरड्या हवेत वर्षाला दोन मीटर उडू शकते, म्हणजे चौरस किमीमागे २० लाख घनमीटर. म्हणून तलाव खोल आणि आटोपशीर हवा, किंवा भूगर्भ चांगला असेल तर पाणी जमिनीत मुरवून साठवावे.

घरगुती वापरात लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम क्षार वाढतात आणि शुद्धीकरण केंद्र ते काढत नाही. निचरा नसलेल्या भारी जमिनीत हे पाणी काही वर्षांत पांढरी चादर आणते. सुरुवातीपासून निचरा आणि दर हंगामाला मातीची विद्युतवाहकता तपासणी ठेवा. इस्राएल सांडपाण्याचा सुमारे ९० टक्के भाग शेतीला देतो, तर नामिबियातले विंडहूक शहर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या जाळ्यात घालते. तंत्र जुने आहे. अडते ते उद्योगांचे रसायन घरगुती गटारात येण्यावर. उद्योगांची गटारे आधी वेगळी काढा.

धान्य आणि समुद्र

टन गहू पिकवायला कोरड्या प्रदेशात हजार घनमीटरच्या आसपास पाणी जाते. तेवढे आयात केले की पाणीच आयात झाले. सौदी अरेबियाने पुन्हा न भरणाऱ्या जलधरावर गहू पिकवला, २००८ मध्ये तो आवरता घ्यायचे ठरवले आणि २०१६ मध्ये सरकारी खरेदी थांबवली. तोवर बरेच शेतकरी वर्षभर पाणी पिणाऱ्या हिरव्या चाऱ्याकडे वळले होते, मग चाऱ्यावरही निर्बंध आले. पिकाचे नाव घेऊन बंदी घालण्यापेक्षा पाण्याचा हिस्सा कापा, पीक शेतकरी निवडेल.

समुद्राचे पाणी गोडे करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. ओढलेल्या पाण्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी गोडे मिळते, बाकी दुप्पट खारे होऊन परत जाते. किनाऱ्यापासून वर १०० मीटर चढवायला आणखी सुमारे ०.४ युनिट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असते आणि क्षार गाळणाऱ्या पडद्यातून त्याचा काही भाग निसटतो, लिंबूवर्गीय झाडांना तो बाधतो. मॅग्नेशियम मात्र निघून जाते, ते परत घालावे लागते. ‘पाणी घ्या न घ्या, पैसे द्या’ या करारांची मुदत नीट वाचा. ऑस्ट्रेलियात मोठ्या दुष्काळानंतर उभे राहिलेले काही प्रकल्प पाऊस आल्यावर वर्षानुवर्षे राखीव म्हणून पडून राहिले आणि पैसे चालूच होते.

दुष्काळाचे टप्पे ओल्या वर्षी ठरवा

जलाशयाचा साठा, नदीचा प्रवाह आणि निरीक्षण विहिरी यांवरून तीन टप्पे आखा आणि प्रत्येक टप्प्याला आपोआप लागू होणारी कृती लिहून ठेवा. उदाहरणार्थ, पावसाळा संपताना साठा ६० टक्क्यांखाली असेल तर शेतीचा हिस्सा कमी, ४५ खाली बागांना पाणी बंद आणि शहराचा दाब कमी, ३० खाली शहराला माणशी ठराविक लिटर. हे आकडे तुमच्या खोऱ्याच्या जुन्या नोंदींवर चालवून पाहा. मागच्या ३० वर्षांत पहिला टप्पा कधीच लागला नसता तर तो फार खाली आहे, दरवर्षी लागला असता तर लोक त्याकडे दुर्लक्ष करतील.

केप टाउनने फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लावली आणि तीन वर्षांपूर्वीच्या तुलनेत वापर निम्म्याहून अधिक उतरवला. पण पाणी कमी विकले गेले की पाणीपुरवठा संस्थेचा महसूल आटतो आणि नेमक्या त्या वर्षी खर्च वाढतो. म्हणून दराचा एक भाग जोडणीच्या आकारावर स्थिर ठेवा आणि दुष्काळी अधिभार किती, कोणत्या टप्प्याला, हे दरपत्रकातच छापून टाका. अधिभार टप्पा लागल्यावर मंजुरीला गेला तर तो मंजूर होईपर्यंत पाऊस आलेला असतो.